पुढं कोन चालते?

"कोनतं जनावर?"

हा मिस्त्रींचा पहिला प्रश्न. गिऱ्हाइकाचा नमस्कार, विचारलेली खुशाली, सगळं त्यांच्या कानाबाहेर. कोणी रायफलीची काडतुसं मागायला आला की ते मागच्या खोलीतून हात पुसत यायचे, काउंटरच्या आतल्या अंगाला उभे राहायचे आणि विचारायचे, "कोनतं जनावर?" ते सांगितलं की, "किती लांबून?" आणि मग तो तिसरा प्रश्न. त्यापायी ते अख्ख्या अमरावतीत बदनाम होते: "पुढं कोन चालते?"

नवा माणूस गोंधळायचा. पुढं म्हणजे कुठे? तो गोंधळला की मिस्त्री पेटायचे.

"जनावर जखमी होऊन झाडीत घुसलं, तर रक्ताच्या मागानं पुढं कोन जाते? तुमी जाता? तुमी बंदूक घेऊन मागं राहता. जो पुढं जाते त्याचं नाव सांगा."

नाव सांगता आलं नाही तर काडतूस नाही. आलं, तर ते डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने ते नाव लिहायचे. गिऱ्हाइकाचं नव्हे, माग काढणाऱ्याचं. मग तो डबा अशा तऱ्हेने पुढे सरकवायचे, की आपण काडतुसं विकत घेतली नसून कोणाचा तरी जीव सही करून ताब्यात घेतला आहे, असं गिऱ्हाइकाला वाटावं. पुष्कळांना याचा राग यायचा. यायलाच हवा होता.

मी त्या बंदुकीच्या दुकानात काउंटरवर होतो. अकोटकडचा, कापसाच्या वावरातला, मॅट्रिक झालेला, नुकतं लग्न झालेला. मिस्त्री मागच्या खोलीत बसायचे. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तरी मालकापासून माझ्यापर्यंत सगळे त्यांना एकेरीतच हाक मारायचे. त्याचं कारण तेव्हा कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना ठाऊक होतं. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, त्याआधीही तेच कारण होतं आणि नंतरही तेच राहिलं. आज मी लिहिताना 'ते' लिहितो. त्यांच्या तोंडावर 'अहो' म्हणायला मला फार वर्षं लागली, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग राहिला नव्हता.

अंगाने वाळकुंडे, काळेसावळे, डोळ्यांना चष्मा आणि चष्म्याची एक दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. बोटं मात्र बाईच्या बोटांसारखी निमुळती. त्या दिवसांत विलायती माल येणं बंद झालं होतं. मोठ्या रायफलींची काडतुसं बाजारात मिळेनात. ज्यांच्या घरी साहेबांच्या काळातल्या दोन-दोन रायफली भिंतीवर होत्या ते लोक उडवलेली रिकामी काडतुसं रुमालात बांधून आमच्याकडे आणायचे आणि मिस्त्री ती पुन्हा भरून द्यायचे. अकोल्यापासून शेंदूरजनाघाटापर्यंत असं काम करणारा दुसरा माणूस नव्हता. निदान ज्याच्या हातचं काडतूस वाघापुढे उभं राहून उडवावं असा तरी नव्हता.

रिकामं काडतूस हातात घेतलं की ते भिंगातून त्याचं तोंड बघायचे. केसाएवढी चीर दिसली तरी पकडीने तिथल्या तिथे चेपून टाकायचे. गिऱ्हाईक ओरडलं, तर म्हणायचे, "ओरडा. डोळे शाबूत आहेत म्हनून ओरडून राहिले." दारू सोनाराच्या काट्यावर तोलायचे. काटा चालू असताना पंखा बंद, दार बंद, बोलणं बंद. एकदा मालकाने दारातून विचारलं, "अंदाजाने भरलं तर नाही का चालणार? रोजचाच हात आहे तुझा." मिस्त्रींनी तोललेली दारू डबीत परत ओतली, काटा पुसला आणि म्हणाले, "मालक, भाजीत मीठ अंदाजानं टाकतेत. खारट झाली तर ताट सरकवता येते."

दारू जास्त होण्यापेक्षा कमी झालेली त्यांना जास्त नको असायची. जास्त झाली तर बंदूक फुटेल, उडवणारा मरेल. कमी झाली तर गोळी जनावराच्या अंगात अर्धवट शिरून राहील आणि मग मरणारा वेगळा असेल. हा फरक त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितला होता. मला तो समजला होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे जे झालं त्यात 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायला मला जागा नाही.

काडतूस निवडण्यावरून त्यांची भांडणं रोजची. एक नवा साहेब बदलून आला होता. हौशी माणूस. त्याच्याकडे हरणाची हलकी रायफल आणि मनात वाघ. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "या काडतुसानं वाघ मरते. दहातून एकदा. बाकीच्या नऊ डाव तो चिडते."

साहेब हसला. "आम्ही घाबरत नाही."

"तुमी काहून घाबरान? तुमी मचानावर." मिस्त्रींचा आवाज चढला. "हलकं काडतूस घेऊन वाघाले मारतो म्हननारा शूर नसते, साहेब. त्याच्या मागावर सकाळी ज्याले उतरवता ना, तो शूर असते. त्याले इचारून या. तो हो म्हनला तर फुकट देतो."

साहेब निघून गेला. मालकाने कपाळावर हात मारला. असं महिन्यातून चारदा व्हायचं. मालक त्यांना काढून टाकू शकत नव्हता, कारण गिऱ्हाईक शिव्या देत का होईना, पण त्यांच्याच हातासाठी यायचं.

आणि तोच हात काही गिऱ्हाइकांना चालतही नव्हता. अकोल्याचे बापूसाहेब, जिनिंगचे मालक, दर हिवाळ्यात मेळघाटात शिकारीचा परवाना काढायचे. गोरा, हसतमुख, मोठ्याने बोलणारा माणूस. मिस्त्रींनी भरलेली काडतुसं डब्यातून काढायची, खिशातल्या रेशमी रुमालाने एकेक पुसायची आणि मग पट्ट्यात खोचायची, ही त्यांची पद्धत. सगळ्यांना दिसायचं, सगळे दुसरीकडे बघायचे. एक दिवस मिस्त्रींनी विचारलं, "बापूसाहेब, तेल लागलं काय त्याले?"

"नाही, सहज."

"सहज पुसू नोका. आतली दारू मीच भरली, बोटानं टोपी बसवली, गोळी बसवली. वरून पुसलं, आतून कसं पुसान?"

दुकानात चार माणसं होती. बापूसाहेब हसतच राहिले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी तेव्हा खाली वाकून काहीतरी शोधत होतो. काय शोधत होतो, मला आजही सांगता येणार नाही.

मिस्त्री आपल्या बापाबद्दल एकदाच बोलले. गाव मेळघाटाच्या पायथ्याशी. साहेब लोक शिकारीला आले की पाटील वस्तीतली माणसं हाक्याला, जनावर उठवायला, हाकलून न्यायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. कोणा साहेबाने अस्वलावर पाखरं मारायचे छर्रे झाडले. अस्वल नाल्यात बसलं. साहेब म्हणाला, 'देखो.' बाप बघायला गेला. "चेहरा नोता रायला," मिस्त्री म्हणाले. "आईनं पायावरून ओयखलं." मग त्यांनी काटा पुढे ओढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दार लाव."

ते हे बोलले त्याच साली डिसेंबरात बापूसाहेब गव्यासाठी आले. सोबत मोठी रायफल आणि नवी जीप.

"गव्याले भरीव गोळी," मिस्त्री म्हणाले. "मऊ नाकाची नाही."

बापूसाहेबांना मऊच हवी होती. आदल्या साली त्यांनी मऊ गोळीने वाघ जागच्या जागी बसवला होता. "भरीव गोळी इकडून तिकडे निघून जाते. काही धक्काच बसत नाही."

"वाघाची चामडी पातळ. मऊ गोळी आत जाऊन फुलते, काम करते. गव्याचा खांदा म्हनजे भिंत हाये. तिथं ते बाहेरच फुलते आनि बसते. त्याले न फुलता हाडापार जानारी पायजे." मिस्त्रींनी कपाटातून भरीव गोळ्यांचा डबा काढला. "भरून देतो, परवा या. पुढं कोन चालते?"

"आहे एक कोरकू."

"नाव?"

"अरे, नावाचं काय करतोस? तिथला माणूस आहे. दरवर्षी असतो."

"दरवर्षी असते आनि नाव नाही माईत?"

बापूसाहेबांचं हसू तेव्हा प्रथमच गेलं. ते मालकाकडे वळून म्हणाले, "हे दुकान तुमचं आहे की याचं?"

मिस्त्रींनी गोळ्यांचा डबा कपाटात परत ठेवला आणि मागे निघून गेले. दार लागल्याचा आवाज आला.

मालकाने बापूसाहेबांना खुर्ची दिली, माणूस चहाला पाठवला आणि मला बाजूला घेतलं. कपाटाच्या तळाशी विलायती काडतुसांचा एक जुना पुडा होता. मऊ नाकाची, त्याच बोअरची. स्वातंत्र्याच्या आधीपासून पडलेली, एका पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने पुठ्ठा सुटलेला. त्यावर मिस्त्रींनी निळ्या पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती: ही उडवायची नाहीत, खोलून टाकायची. मालक म्हणाला, "हीच दे. चांगली दिसतात. पुसून, मिस्त्रीच्या डब्यात घालून दे. त्यांना त्याच्याच हातची वाटली म्हणजे झालं."

"फुली आहे," मी म्हणालो.

"फुली त्याने मारली. कंपनीने नाही मारली."

मी पुसली. सगळी चकचकीत निघाली. मिस्त्रींच्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या डब्यात ओळीने लावली. झाकण लावताना मला दिसलं की नावाची जागा कोरी आहे. कोरं झाकण बापूसाहेबांनाही खटकलं असतं. मी पेन्सिल घेतली आणि मनाला आलं ते नाव लिहिलं: रामलाल.

कोण रामलाल? कोणी नाही. मला सुचलं. आज मी सत्तरी ओलांडली आहे, पण त्या चार अक्षरांइतकं नीच काही माझ्या हाताने लिहून झालेलं नाही. ते अक्षरसुद्धा मी त्यांच्यासारखं काढायचा प्रयत्न केला होता.

सहाव्या दिवशी बापूसाहेब फौजदाराला घेऊन दुकानात आले. माग काढणारा मेला होता. फौजदार तसा भला माणूस, त्याला लवकर आटपायचं होतं. त्याने बापूसाहेबांना काय घडलं ते पुन्हा सांगायला लावलं, आणि त्यांनी सांगितलंही, काहीही न लपवता. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. गवा ऐंशी पावलांवर उभा होता. पहिलं काडतूस उडालंच नाही. दुसरं उडालं, पण आवाज फुसका. गोळी खांद्याला लागली, गवा गुडघ्यावर आला, उठला आणि बांबूत घुसला.

"मी म्हटलं, जा, बघून ये. पडला असेल," बापूसाहेब म्हणाले. "मी जीपपाशी थांबलो. तो कुऱ्हाड घेऊन गेला. मग ओरडला."

आणि लगेच, त्याच दमात: "सगळा या काडतुसांचा दोष. तुमच्या मिस्त्रीने भरलेली. मी पूर्ण किंमत मोजली आहे." त्यांनी पांढरा डबा काउंटरवर आपटला.

मालक म्हणाला, "साहेब, भरायचं काम तोच करतो. आम्ही काही आत बघत नाही."

मिस्त्री दारात उभे होते. ते पुढे आले. डबा उचलला. झाकण वाचलं. मग फार वेळ ते त्या अक्षराकडेच बघत राहिले. "मेला त्याचं नाव काय?" त्यांनी फौजदाराला विचारलं.

फौजदाराने कागद बघितला. "सुकलाल."

"मंग हा रामलाल कोन?"

"तुझ्याच डब्यावर आहे, तूच सांग," बापूसाहेब म्हणाले.

मिस्त्रींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघत. मला आयुष्यात कोणी इतका वेळ दिलेला नाही. मी काउंटरवरच्या काचेकडे बघत राहिलो.

मग ते आत गेले, पकड घेऊन आले आणि डब्यातलं एक काडतूस फौजदारासमोर धरलं. "साहेब, इकडं पाहा." गोळी हलकेच हलवून उपसून काढली आणि पांढऱ्या कागदावर काडतूस उपडं केलं. आतून दारू पडली नाही. लांब लांब तपकिरी काड्या सरकत बाहेर आल्या, शेवयांसारख्या, ओलीने एकमेकींना चिकटलेल्या.

"हे जुनं विलायती काम. या शेवया कारखान्यात अगुदर भरतेत, आनि मंग काडतुसाचं तोंड बारीक करतेत. एवढ्या बारीक तोंडातून मी ह्या आत घालतो म्हनलं तरी जात नाहीत. घालून पाहा." त्यांनी आपल्या खणातलं स्वतः भरलेलं एक काडतूस उपसलं. काळे बारीक दाणे कागदावर ओघळले. "हे माहं. मी दाने भरतो. मी जन्मात शेवया भरल्या नाहीत."

फौजदाराने खरंच एक काडी घेऊन घालून बघितली. मोडली.

"मग ही तुझ्या डब्यात आली कशी?"

मिस्त्रींनी पकड काउंटरवर ठेवली. मालक मध्ये पडला. "घाईत झालं, साहेब. गर्दी होती. पोराकडून पुडे बदलले. नजरचूक."

फौजदाराने माझ्याकडे बघितलं. "नजरचूक?"

मी मान हलवली. त्याने लिहिलं: 'विक्रेत्याच्या नजरचुकीने.' मी सही केली. मृत्यूचं कारण म्हणून त्याने रानटी जनावराचा हल्ला लिहिलं. बापूसाहेब जीपमध्ये बसले. जाताना मालकाशी हात मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री माझ्या दारात उभे. ते आमच्या आळीत कधी आले नव्हते. शेजारच्या ओट्यावरून माणसं बघायला लागली.

"चाल," ते म्हणाले.

"कुठं?"

"त्याच्या बायकोपाशी. नजरचूक म्हन तिले."

मी जातो की नाही हे त्यांनी विचारलंच नाही. परतवाड्यापर्यंत एस.टी., पुढे लाकडाच्या ट्रकवर, मग दोन तास पायी. ट्रकवर माझी पिशवी घसरली तेव्हा त्यांनी पायाने अडवली, तेवढंच.

वस्ती लहान, दोन ओळींत घरं. सुकलालची बायको दारात टोपली विणत बसली होती. मी काही दुसरंच मनात धरलं होतं, रडणं, आरडाओरडा. ती बांबूच्या कामट्या सोलत होती. सुकलालच्या भावाला हिंदी येत होतं. मी उभ्यानेच सांगितलं. काडतुसं खराब होती, मला माहीत होतं, तरी मी दिली. सांगताना 'मालकाने सांगितलं' एवढं घालायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी ते गिळलं.

भावाने कोरकूत सांगितलं. तिचे हात थांबले. तिने काहीतरी विचारलं. भाऊ म्हणाला, "वो पूछती है, जनावर मरा क्या?"

मला कळलंच नाही. त्याने पुन्हा सांगितलं. जखमी गवा त्याच बांबूत होता. बायका त्याच वाटेने पाण्याला आणि लाकडांना जातात. दोन दिवसांपूर्वी एका म्हाताऱ्याच्या अंगावर तो धावून गेला होता. तो मेला की आहे, एवढंच तिला हवं होतं. माझी कबुली, माझी लाज, तिला त्याचं काय करायचं होतं?

अमरावतीच्या त्या दुकानात सगळं बोलणं झालं होतं. दोष कोणाचा, डबा कोणाचा, सही कोणाची. एकानेही हे विचारलं नव्हतं. मिस्त्रींनीसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते मटकन खाली बसले आणि आपल्याच मांडीवर मूठ आपटून म्हणाले, "माह्या बी ध्यानात नाही आलं. शेवया दाखवत बसलो."

त्याच संध्याकाळी त्यांनी रेंजरला गाठलं. रेंजरकडे जुनी मोठी रायफल होती, पण कामाचं एकही काडतूस नव्हतं. मिस्त्रींनी त्याची रिकामी काडतुसं मागून घेतली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुकानात. मिस्त्री मागच्या खोलीत गेले, कपाटातून भरीव गोळ्यांचा डबा काढला, पंखा बंद केला. पाच काडतुसं भरली. प्रत्येकाची दारू तीन-तीनदा तोलली. मला दार लावायला सांगितलं नाही, म्हणून मी उभा राहून बघितलं. त्यांचा घाम हनुवटीवरून ठिबकत होता आणि कागदावर पडू नये म्हणून ते मान वळवून बसले होते.

जंगलात रेंजरने वाटणी केली. आधी सुकलालचा भाऊ, मग तो स्वतः, आम्ही मागे. मिस्त्री म्हणाले, "नाही. भावाच्या बरोबरीनं मी."

"तुमचं काय काम पुढे? तुम्ही तर काडतूसवाले."

"म्हनूनच."

रेंजरने खांदे उडवले. मिस्त्रींच्या हातात काठीही नव्हती. चष्म्याला तार बांधलेला, शहरी चपला घातलेला तो माणूस ओणवा होऊन बांबूच्या पानांवर रक्ताचे वाळके ठिपके बघत चालला होता, आणि मी रेंजरच्या मागे सुरक्षित होतो. पाठीमागे चालताना माणूस किती निवांत असतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्याची मला अजून शिसारी येते.

गवा नाल्याच्या वळणावर सापडला. आधी वास आला, मग माशांचा आवाज. खांदा सुजून काळा पडला होता. तो वळला तेव्हा मिस्त्रींपासून तीस पावलांवर असेल. भाऊ झाडामागे झाला. मिस्त्री हलले नाहीत. हलले असते तर रेंजरच्या नेमात आले असते. ते जागच्या जागी खाली बसले, डोकं गुडघ्यात घालून. त्यांच्या डोक्यावरून गोळी गेली. एकच. गवा दोन पावलं पुढे आला आणि बसल्यासारखा खाली गेला.

कोणी आनंद केला नाही. भावाने खांद्यातली जुनी जखम सुरीने फाडली. बापूसाहेबांची गोळी कातड्याखाली चार बोटांवर हाडाला टेकून फुललेली होती, पैशाएवढी चपटी. मिस्त्रींनी ती बघितली आणि बाजूला थुंकले. मग त्या मेलेल्या जनावराच्या अंगावरच्या माशा हाताने वारत बसले. ओरडून म्हणाले, "एवढा मोठा जीव सडवला! आठ दिवस सडवला!" मी जवळ गेलो तर म्हणाले, "तू दूर राय."

परत आल्यावर त्यांनी काटा, भिंग, गोळी बसवायची हातदाबणी, सगळं पोत्यात घातलं आणि दुकान सोडलं. मालक पायऱ्यांपर्यंत मागे गेला, पगार वाढवतो म्हणाला. त्यांनी वळून बघितलं नाही. त्यानंतर त्यांनी कोणाचंही काडतूस भरलं नाही. बापूसाहेबांनी काडतुसं भरून घ्यायला माणूस पाठवला होता असं ऐकलं. खरं असेल. तेवढी लाज बापूसाहेबांकडे नव्हतीच.

मी मात्र दुकान सोडलं नाही. मुलगी झाली होती, दुसरी नोकरी नव्हती. दोन वर्षं त्याच काउंटरवर उभा राहून मी काडतुसं विकली, कोणाला काही न विचारता. मग अकोटच्या बाजार समितीत कारकुनी लागली.

पाच-सहा वर्षांनी अकोल्याची गाडी धरायला बडनेऱ्याला उतरलो. गाडीला तास होता. स्टेशनबाहेर स्टोव्ह आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं एक छोटं दुकान दिसलं, आणि आत ते. केस पांढरे. चष्मा नवा. स्टोव्हच्या पिनेने बर्नर साफ करत होते. त्यांनी मला ओळखलं. बाकड्याकडे बोट दाखवलं आणि आत बसलेल्या आपल्या मुलीला चहा टाकायला सांगितलं. ती अध्यापन विद्यालयात शिकत होती, हे त्यांनी सांगितलं. माझ्या मुलीचं विचारलं. अकोटला कापसाचं काय म्हणून विचारलं. मला वाटलं, निवळलं. इतक्या वर्षांनी निवळणारच.

चहा आला. मी कप घेतला आणि म्हणालो, "मिस्त्री, तुम्हाला एक सांगायचं होतं. मनातून जात नाही. मला माफ करा."

त्यांनी पिन खाली ठेवली. चष्मा काढला. तेच डोळे, तसेच पेटलेले.

"मी काहून माफ करू?" ते म्हणाले. "मी मेलो काय?"

मुलगी दारात थबकली होती, ती आत गेली.

"ज्याची मागाची त्याच्यापाशी माग. मी देनारा कोन?" त्यांनी बर्नर पुन्हा हातात घेतला. "चहा घे. थंडा होते."

चहा कढत होता. स्टेशनात गाडीची घंटा झाली. ते मान खाली घालून बर्नर फुंकत होते. पंप मारला, काडी ओढली, निळी ज्योत सूं करत उभी राहिली. त्यांनी ती वाकून सगळ्या बाजूंनी तपासली आणि पुन्हा विझवली. त्यांच्या मनासारखी नव्हती. मी जीभ भाजत चहा संपवला, कप बाकड्याखाली ठेवला आणि निघालो.